ऑर्फा टिडवेलची चिंधी

१

रॉइस हॅडलीच्या मरण्याने कोणाच्या पदरात काय पडणार होतं, याची बेरीज-वजाबाकी लोन फोर्कच्या लोकांनी डॉक्टर पोहोचायच्या आत करून टाकली. बायको मार्लीनला कुरण मिळणार होतं, पण ते तसंही निम्मं तिच्या बापाचंच होतं. जावई ट्रेंटला मार्लीन जाईपर्यंत थांबावं लागणार होतं, आणि मार्लीनची तब्येत घोड्यासारखी. वाटाड्या लाइल बॅस्कमच्या खात्यात तर नुसता तोटा, कारण हॅडलीच्या कुरणातून शिकारी न्यायची परवानगी एकट्या त्यालाच होती आणि परवानगी देणाराच गेला. जमेच्या बाजूला ठसठशीत काही दिसत होतं ते एकाच नावापुढे. ऑर्फा टिडवेल. तिला रस्ता मिळणार होता.

हा रस्ता हॅडलीच्या कुरणातून वर सरकारी जंगलात जातो. जंगल सगळ्यांचं, पण तिथे जायची धड वाट हीच. रॉइसने ते कुरण घेतलं, रस्त्यावर लोखंडी फाटक बसवलं आणि साखळीला कुलूप ठोकलं. सत्तरी ओलांडलेली ऑर्फा दर सप्टेंबरला, ठासणीच्या बंदुकीचा हंगाम उघडला की पहिल्या सकाळी माझ्या दुकानातला मोठा कटर घेऊन जायची, साखळी तोडायची, रॉइसच्या बाजूला फेकायची आणि हरणामागे वर निघून जायची. रॉइस आणखी जाड साखळी आणायचा. तीही माझ्याच दुकानातून. मला दोघंही प्रिय होते.

यंदा तिने कोर्टात दावा लावला होता. ऑक्टोबरात सुनावणी होती. दावा तिच्या एकटीच्या नावावर. बाकीचे आम्ही तिला दुरून शाबासकी देत होतो.

हंगामाच्या पहिल्या सकाळी रॉइस फाटकापाशी छातीत गोळी लागून पडलेला ट्रेंटला दिसला. त्या सकाळी डोंगरात इतके बार उडतात की एखाद्या बाराने कोणी मान वर करत नाही. फाटकाचं कुलूप उघडं होतं, साखळी खांबाला अखंड लटकत होती. आणि फाटकासमोरच्या गवतात एक जळकी चिंधी पडली होती. गोल कापलेली, गादीच्या कापडाची, निळे-पांढरे पट्टे असलेली.

शेरीफ मर्ल स्टॉडर्डने ती पिशवीत घालून माझ्या गल्ल्यावर ठेवली. सोबत डॉक्टरने काढलेली गोळीही होती. आरपार न जाता पाठीच्या कातडीखाली अडकलेली. साध्या गोल शिशाच्या गोळ्या तशाच अडकतात. समोरून ती बटणासारखी चपटली होती, मागची बाजू मात्र नितळ, नुकत्याच ओतलेल्या शिशासारखी चकचकीत. मी माप घेतलं. पंचेचाळीस कॅलिबरच्या नळीची गोळी. गावात पंचेचाळीसची नळी एकच, ऑर्फाच्या वारलेल्या नवऱ्याने, एडने, स्वतःच्या हाताने तिच्यासाठी बनवलेली. आणि गोळीभोवती गादीच्या कापडाच्या चिंध्या गुंडाळणारीही एकच.

मर्ल तिच्याकडे गेला, तेव्हा ती पायरीवर बसून शेंगा सोलत होती म्हणे. त्याने पिशवी पुढे केली.

“चिंधी माझी,” ती म्हणाली. “साखळीही दरवर्षी मीच तोडते. आणखी काही विचारायचंय, का हात पुढे करू?”

२

आता आदल्या दुपारचं सांगतो, कारण जे काही घडलं त्याची सगळी सामग्री त्या दुपारी माझ्या गल्ल्यावर मांडलेली होती.

माणूस ओळखायचा तर तो नळीत काय ठासतो ते बघावं. ऑर्फा गोल गोळी चिंधीत गुंडाळून ठासते, तिच्या आजोबांनी ठासली तशी. लाइल पन्नासच्या नळीत जडशीळ, टोकदार, चरबी लावलेली शिशाची गोळी ठासतो. नळीला घट्ट बसणारी, मध्ये चिंधी नाही, काही नाही. लाइल आमच्या ठासणी मंडळाचा अध्यक्ष. जुलैच्या नेमबाजीनंतर मैदान झाडण्यापासून ते गोळ्यांचे साचे सांभाळण्यापर्यंत सगळं तोच करतो आणि केल्याचं ऐकवतोही.

आणि ट्रेंट. डेन्व्हरहून आलेला, नवी कोरी बंदूक, तीही पन्नासचीच, हातात सॅबोचं पाकीट. त्याला माझा सल्ला हवा होता.

सॅबो म्हणजे प्लास्टिकचं टोपरं. नळीपेक्षा लहान गोळी त्यात बसवायची. टोपरं नळीचा पीळ, म्हणजे आतल्या वळणदार खाचा, पकडतं, गोळीला फिरवतं आणि बाहेर पडलं की पाकळ्या उघडून गळून जातं. गोळी लांब आणि सरळ जाते. आमच्या राज्यात या हंगामात त्याला बंदी आहे. मैदानावर उडवा हवं तर, हरणावर नाही. मी ट्रेंटला म्हटलं, हे पाकीट गाडीत ठेव आणि माझ्याकडची शिशाची गोळी घे. मला माझ्या मालाची काळजी होती, कायद्याची नंतर.

लाइलने पाकिटातून एक टोपरं उचललं. निळं होतं. चिमटीत धरून ते सगळ्यांना दाखवत तो म्हणाला, “गोळीला चड्डी घालून पाठवतात हे शहरातले. माझ्या नळीत आजवर प्लास्टिकचा कण गेला नाही, आणि जाणारही नाही. लिहून घे, क्लेम.”

“लिहून कशाला घ्यायचं,” ऑर्फा म्हणाली. “तू रोज सांगतोसच.”

सगळे हसले. लाइलही हसला, बोलता बोलता हात जाकिटाच्या खिशात घातले आणि कॉफी घ्यायला वळला. ऑर्फाने भिंतीवरचा कटर काढला. ट्रेंटने तिला जरा गोड आवाजात बजावलं की सासरेबुवा उद्या स्वतः फाटकावर उभे राहणार आहेत.

ऑर्फाने कटरची पाती एकदा उघडून मिटवली. “मग त्याला सांग, बाजूला उभा राहा म्हणावं. मी थांबणार नाही.”

हे वाक्य दुकानात सात-आठ जणांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यातल्या प्रत्येकाने ते मर्लला सांगितलं. मीही.

३

मर्लला ठासणीच्या बंदुकीतलं काही कळत नाही आणि ते तो कबूलही करतो. म्हणून त्याने वन्यजीव खात्याच्या इनेझ आर्चुलेटाला बोलावलं. इनेझ कमी बोलते. चोरट्या शिकाऱ्यांच्या फ्रीजमधलं मांस बघून ते कोणत्या डोंगरावरचं ते सांगते, अशी तिची ख्याती. कोण काय विकत घेतं हे मला माहीत, म्हणून तिने मला गाडीत बसवलं.

मर्लने ऑर्फाला सोमवारपर्यंत घरी राहू दिलं होतं. बंदूक मात्र उचलून नेली होती. सोमवारी तिला कोठडीत जायचं होतं. वकील नको म्हणाली होती. या वयात आत गेली तर परत येण्याची शक्यता नव्हती, आणि ती आत असताना ऑक्टोबरातला तिचा दावा कोण चालवणार? रस्ता कायमचा बंद झाला असता.

“मिसेस टिडवेल, त्या सकाळी तुम्ही फाटकापाशी गेला होतात?” इनेझने विचारलं.

“गेले होते. पोचले तेव्हा तो शहरी पोरगा फोनवर रडत होता आणि रॉइस पडलेला होता. म्हणून परत फिरले. मेलेल्या माणसावरून उडी मारून मी शिकारीला जात नाही.”

“तुम्ही मारलं नाही, असं मर्लला सांगितलंत?”

“त्याने विचारलंच नाही. चिंधी दाखवली, मी ओळखली. त्याचं तोंड इतकं उतरलं की मला त्याचीच कीव आली.” तिने एक शेंग टोपलीत टाकली. “हे बघ पोरी, मी रॉइसला मारलं असतं तर सगळ्यांदेखत मारलं असतं आणि मर्लला मीच फोन केला असता. मी लपून काही केलेलं या गावात एक तरी माणूस दाखव.”

इनेझने तिची शिकारीची पिशवी बघायला मागितली. ऑर्फाने नाक उडवलं, पण दिली. शिशाच्या गोळ्या, बार पेटवायच्या केपांची डबी, पोकळ शिंगात बंदुकीची दारू, आणि चरबीत भिजवलेल्या गोल चिंध्यांची चळत. इनेझने वरची चिंधी उचलून उजेडात धरली.

ती तपकिरी होती. जाड कॅनव्हासची. तिच्याखालची तशीच. सगळी चळत तपकिरी.

“हे काय?”

“एडची कामावरची पँट. चांगली तीन-चार वर्षं पुरेल.” ऑर्फाचा आवाज पहिल्यांदा जरा खाली आला. “गादी जुलैच्या नेमबाजीत संपली.”

मी म्हटलं, अगं बाई, हे मर्लला का नाही सांगितलंस?

“त्याने विचारलं, चिंधी कोणाची. माझी. कधीची, ते विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

४

म्हणजे चिंधी जुलैची होती. कोणीतरी मैदानावरून उचलून ठेवली होती, आणि ती हॅडलीच्या गवतात टाकली होती.

हॅडलीच्या घरी मार्लीन स्वयंपाकघरात ताठ बसली होती. रडून झालं होतं तिचं. इनेझने तिला एकच गोष्ट विचारली: कुलूप कोणी उघडलं?

मार्लीन म्हणाली, रॉइसनेच. किल्ल्या दोनच, एक त्याची आणि एक लाइलची, आणि रॉइसची किल्ली कुलपातच लटकत होती. वकिलाने त्याला सांगितलं होतं की ऑक्टोबरात आपण हरणार. मग आदल्या संध्याकाळी म्हणाला की फाटक मीच उघडतो, कायमचं.

“मन बदललं त्यांचं?” मी विचारलं.

“रॉइसचं?” मार्लीनच्या ओठाची एक कड हलली. “तो म्हणाला, म्हातारी कटर घेऊन येईल आणि फाटक सताड उघडं असेल. तिला साखळी तोडायचं सुख मिळू द्यायचं नाही. त्याने लाइललाही फोन करून तेच सांगितलं. हसत होता.”

मी मनातल्या मनात ऑर्फाच्या जमेच्या बाजूला लिहिलेलं खोडून टाकलं. रस्ता तर तिला मिळतच होता. रॉइस जिवंत राहिला असता तर.

इनेझने मग ट्रेंटची गाडी बघितली. सीटखाली सॅबोचं पाकीट होतं. ट्रेंट पांढरा पडला. बंदी आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि नव्या टोपऱ्यांचा मोह सुटत नव्हता हेही त्याने कबूल केलं. पण मी वापरलं नाही, असं तो परत परत म्हणत राहिला. इनेझने त्याच्या बंदुकीच्या नळीतून कोरडी चिंधी फिरवली. कारखान्यातून येतं ते ग्रीस तसंच्या तसं बाहेर आलं. त्या नळीतून आजवर बार उडालाच नव्हता.

“मग झालं तर,” मी म्हटलं.

“नाही झालं.” तिने पाकिटातली निळी टोपरी बॉनेटवर ओळीने मांडली आणि पाकिटावरचा आकडा मला दाखवला. एक कमी होतं.

“क्लेम,” ती म्हणाली, “हा माणूस म्हणतो की पाकीट त्याने फक्त तुझ्या गल्ल्यावर उघडलं होतं. कमी असलेलं टोपरं तू शेवटचं कोणाच्या हातात पाहिलंस?”

५

रविवारी दुपारी इनेझने सगळ्यांना माझ्या दुकानात बोलावलं. मर्ल आला, मार्लीन आली, ट्रेंट आला. लाइल बंदूक घेऊन आला, कारण इनेझने त्याला सांगितलं होतं की गावातली प्रत्येक पन्नासची नळी बघायची आहे आणि अध्यक्षांनी सुरुवात केली तर बाकीचे कुरकुर करणार नाहीत. ऑर्फाला कोणी बोलावलं नव्हतं. ती येऊन पिंपावर बसली आणि मर्लकडे बघत राहिली, बघू कोण उठवतं म्हणून. कोणी उठवलं नाही.

इनेझने रॉइसच्या शरीरातली गोळी गल्ल्यावर ठेवली. शेजारी आणखी एक ठेवली. मर्लने जप्त केलेल्या ऑर्फाच्या बंदुकीतून, तिच्याच दारूने आणि चिंधीने, रविवारी सकाळीच मातीच्या बांधात उडवून काढलेली.

“मर्ल, दोन्हींच्या मागच्या बाजूवरून बोट फिरव.”

मर्लने फिरवलं. कपाळाला आठी घातली, परत फिरवलं. “ऑर्फाची खरखरीत आहे. जाळीसारखं काहीतरी आहे हिच्यावर.”

“कापडाची वीण. चिंधीत गुंडाळून ठासलेली गोळी नळीत इतकी दाबली जाते की शिशावर कापडाचे धागे उमटतात. रॉइसला लागलेल्या गोळीवर एक धागा नाही. ती चिंधीतून उडालेलीच नाही.”

“नुसती ठासली असेल,” लाइल म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, मदत करणाऱ्या माणसाचा.

“मग नळीचा पीळ उमटला असता, तुझ्या गोळ्यांवर उमटतो तसा. तोही नाही. नितळ आहे. म्हणजे गोळी आणि नळी यांच्यामध्ये काहीतरी गुळगुळीत होतं.”

मी गल्ल्यामागे उभा होतो आणि मला गोळीच्या जागी निळं टोपरं दिसत होतं. पंचेचाळीसची गोळी पन्नासच्या नळीत खुळखुळते, घरंगळून बाहेर पडते, म्हणून पन्नासवाल्या कोणावरही आम्ही संशय घेतला नव्हता. पण टोपऱ्यात बसवली तर? टोपरं असतं कशासाठी?

ट्रेंट घाईघाईने म्हणाला की ते लाइलने घेतलं होतं, लाइलने.

“घेतलं होतं,” लाइल म्हणाला. “थट्टा केली आणि कुठेतरी टाकलं. क्लेमचा केर बघा. माझी नळीही बघा. मी हंगामात सकाळ-संध्याकाळ उकळत्या पाण्याने आणि साबणाने बंदूक धुतो. अख्ख्या गावाला ठाऊक आहे. हिच्यात प्लास्टिक कधी गेलेलं नाही.”

“कधीच नाही? मैदानावरही?”

“कधीच नाही,” लाइल म्हणाला, आणि सवयीने माझ्याकडे बघून, “लिहून घे, क्लेम.”

इनेझने त्याची बंदूक घेतली. नळी खरंच आरशासारखी होती. पांढरी चिंधी आत जाऊन पांढरीच बाहेर आली. लाइलने हात छातीवर बांधले.

“काळ्या दारूची काजळी पाण्याने निघते,” इनेझ म्हणाली. “म्हणून तुम्ही सगळे पाण्यानेच धुता, तुमचे बापही तसेच धुवायचे. नळीत प्लास्टिक कधी नसलेल्या माणसाला ते कशाने निघतं हे शिकायची वेळच आलेली नसते.” तिने मागच्या फळीवरची उग्र वासाच्या द्रावणाची बाटली मागितली. ती मी शहरी गिऱ्हाइकांसाठी ठेवतो. तिने चिंधी त्यात भिजवली, गजाला लावली, नळीत घातली आणि थोडा वेळ तशीच राहू दिली.

बाहेर एक ट्रक गेला. ऑर्फाने पिंपावर बूड हलवलं.

चिंधी बाहेर आली तेव्हा तिच्यावर केसाएवढ्या निळ्या साली होत्या. नळीच्या पिळात बसलेल्या, पिळासारख्याच वळलेल्या. इनेझने शेजारी ट्रेंटचं टोपरं ठेवलं. रंग कोणालाही कळत होता.

“फाटक उघडलं असतं तर जंगलात कोणीही गेलं असतं,” ती लाइलला म्हणाली. “मग तुला कोणी का बोलवावं? पण रॉइस कुलूप काढतानाच गेला आणि मिसेस टिडवेल कोठडीत गेल्या, तर उघडणाराही नाही आणि भांडणाराही नाही. मार्लीनने कुलूप परत लावलं असतं, नवऱ्याची आठवण म्हणून. आणि दुसरी किल्ली तुझ्याकडे.”

म्हणजे माझी पहिली बेरीज उलटी होती. ज्याच्या नावापुढे मी नुसता तोटा लिहिला होता, जमा त्याचीच होती. फक्त त्यासाठी दोन माणसं वजा करावी लागत होती.

लाइलने नाकारलं नाही. टोपीच्या कडेवरून बोट फिरवत बसला. “रॉइसचा फोन आला तेव्हा टोपरं खिशातच होतं, मंडळाचा पंचेचाळीसचा साचा घरात आणि जुलैच्या केरात हिची चिंधी. बार झाल्यावर टोपरं शोधायला मी गवतात गुडघ्यावर रांगलो,” तो म्हणाला. “सापडलंही. त्याच्या जागी चिंधी टाकली.” मग माझ्याकडे वळून, “एका गोळीत दोघं, क्लेम. तूच म्हणायचास, लाइल दारू वाया घालवत नाही.”

ऑर्फा पिंपावरून उतरली. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो उंच, ती त्याच्या खांद्याइतकी.

“प्लास्टिक घालून,” ती म्हणाली. “आणि माझ्या गादीवर आळ घातलास. रस्त्यात उभं राहून मारायची हिंमत नव्हती तर निदान स्वतःची गोळी तरी वापरायची होतीस.”

लाइलने तेवढ्या वेळात पहिल्यांदाच मान खाली घातली.

६

आता शेवटची बेरीज.

रॉइसने किंमत मोजली ती जिवाची, तीही हयातीत पहिल्यांदा बरोबर काही करायला गेला तेव्हा. कारण चुकीचं होतं, पण फाटक उघडलं होतं. लाइलला उरलेलं आयुष्य तुरुंगात काढायचं आहे. मंडळाला अध्यक्ष मिळत नाही, कारण मैदान झाडायला कोणी तयार नाही. ट्रेंटने बंदूक विकायला माझ्याकडे ठेवली आहे. ग्रीस अजून आत आहे.

मार्लीनने फाटक बिजागऱ्यांवरून उतरवलं. कोर्टात जायची वेळच आली नाही. ऑर्फाची बंदूक मात्र पुरावा म्हणून मर्लच्या कपाटात अडकली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिचा हंगाम हुकला. मार्लीनने तिला हरणाची एक तंगडी पाठवली. ऑर्फाने ती परत केली. म्हणाली, मी न मारलेलं हरीण माझ्या ताटात येत नाही. मार्लीनने ती पुन्हा पाठवली. ती तंगडी गावात किती दिवस फिरत होती, ते मी सांगत नाही. शेवटी दोघींनी ती एकत्र बसून खाल्ली असं म्हणतात. दोघीही नाकारतात.

मी काय मोजलं? सात-आठ जणांबरोबर मीही ते वाक्य मर्लला सांगितलं होतं. ऑर्फाने त्यावर अवाक्षर काढलेलं नाही. माझ्याकडून केपा घेते, पैसे टाकते, जाते. ती काहीच बोलत नाही, हीच माझ्या खात्यातली तोट्याची बाजू.

पुढच्या सप्टेंबरला, हंगामाच्या आदल्या दिवशी ती आली. बंदूक खांद्याला, पिशवीत एडच्या पँटच्या चिंध्या. वर जायला आता फाटक नव्हतं, साखळी नव्हती. भिंतीवर कटरची जागा वर्षभर रिकामी होती. मी म्हटलं, ऑर्फा, आता तरी तो परत आण.

तिने दारात थांबून नदीपलीकडे बघितलं. तिकडे डोंगराच्या पायथ्याशी कोणीतरी नवं कुरण घेतलं होतं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ताजे खांब रोवले होते.

“राहू दे माझ्याकडे,” ती म्हणाली.